पदवी शिक्षण चालू असताना दंतवैद्यकीय प्रवेश (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दंतवैद्यकाचे शिक्षण हे शालेय शिक्षणानंतर लगेच सुरू होणारे शिक्षण नसून, विद्यापीठातील पदवी शिक्षणानंतरचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. तथापि, या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणारे अनेक उमेदवार अर्जाच्या वेळी पदवीधर नसतात. चार वर्षांच्या पदवीचे तिसरे वर्ष संपताच ते अर्ज करतात आणि चौथे वर्ष चालू असताना त्यांच्या प्रवेशाचा निर्णय होतो. त्यामुळे अशा विद्यार्थ्याची पारख त्याच्या अपूर्ण शैक्षणिक नोंदीवरून केली जाते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज करावा की पदवी पूर्ण करून एक वर्ष थांबावे, हा या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

पार्श्वभूमी

जगातील पहिले स्वतंत्र दंतवैद्यकीय महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे स्थापन झाले. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक होत. त्या काळी प्रवेशासाठी विद्यापीठीय शिक्षणाची अट नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाने १८६७ मध्ये दंतवैद्यक विभाग सुरू केला आणि या विषयास विद्यापीठाची चौकट लाभली. १९२६ मध्ये विल्यम गीस यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी दंतशिक्षणाविषयी सविस्तर अहवाल सादर केला. दंतवैद्यक हा वैद्यकाच्या तोडीचा विषय असून त्याचे शिक्षण विद्यापीठातच व्हावे, अशी भूमिका त्यात मांडली होती. त्यानंतरच्या काळात प्रवेशापूर्वी विज्ञान विषयांचे महाविद्यालयीन शिक्षण घेण्याची पद्धत स्थिरावली.

आज देशात सत्तरहून अधिक मान्यताप्राप्त दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत. काही महाविद्यालये डीडीएस, तर काही डीएमडी ही पदवी देतात. नावे भिन्न असली तरी दोन्ही पदव्या समकक्ष आहेत. बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो.

पात्रता आणि पूर्वाभ्यास

पदवीचा मुख्य विषय कोणता असावा, याचे बंधन नाही. जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी अधिक असले, तरी इतिहास, संगीत किंवा अर्थशास्त्र घेतलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. मात्र ठरावीक विज्ञान विषयांचा पूर्वाभ्यास आवश्यक असतो. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेतील कामासह प्रत्येकी साधारण एक वर्ष शिकलेले असावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अनेक महाविद्यालये जीवरसायनशास्त्र आणि इंग्रजी लेखन यांचाही आग्रह धरतात. अपेक्षित विषयांची यादी प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी असल्याने ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

काही महाविद्यालये पदवी पूर्ण नसली तरी ठरावीक श्रेयांक मिळवलेल्या विद्यार्थ्यास नियमाने प्रवेश देऊ शकतात. प्रत्यक्षात मात्र प्रवेश मिळणाऱ्यांपैकी बहुतेक जण अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी पदवी पूर्ण करतात. काही विद्यापीठांत तीन वर्षे पदवी आणि चार वर्षे दंतवैद्यक अशी सात वर्षांची संयुक्त योजनाही आढळते.

विषयांचा क्रमही महत्त्वाचा असतो. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकण्यापूर्वी सामान्य रसायनशास्त्र पूर्ण करावे लागते आणि जीवरसायनशास्त्राचा क्रम त्यानंतर येतो. पहिल्या वर्षी रसायनशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्याचे पुढील सर्व विषय वर्षभराने मागे पडतात. परिणामी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज करणे त्याला अवघड जाते.

गुणांची सरासरी

प्रत्येक विषयातील श्रेणीचे चारपैकी गुणांत रूपांतर करून काढलेल्या सरासरीस जीपीए म्हणतात. सर्व विषयांची आणि केवळ विज्ञान विषयांची अशा दोन्ही सरासऱ्या प्रवेश समितीपुढे ठेवल्या जातात.

ही सरासरी श्रेयांकांच्या प्रमाणात काढली जात असल्याने सुरुवातीच्या वर्षांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच्या ३० श्रेयांकांत २.८ आणि पुढील दोन वर्षांच्या ६० श्रेयांकांत ३.७ अशी सरासरी मिळवली, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याची एकूण सरासरी ३.४ होते. चौथ्या वर्षीच्या ३० श्रेयांकांत त्याने ३.८ मिळवले, तरी एकूण सरासरी ३.५ पर्यंतच पोचते. सरासरीत मोठी वाढ होईल या आशेने एक वर्ष थांबणाऱ्यास हे गणित आधी मांडून पाहणे उपयुक्त ठरते. अर्थात, समित्या केवळ आकडा पाहत नाहीत. वर्षागणिक होत गेलेली प्रगतीही विचारात घेतली जाते.

एखादा विषय पुन्हा घेतल्यास अनेक विद्यापीठे जुनी श्रेणी वगळून नवी श्रेणी धरतात. केंद्रीय अर्जसेवा मात्र दोन्ही श्रेणी हिशेबात घेते. आधी २ आणि नंतर ४ गुण मिळाल्यास विद्यापीठाच्या गुणपत्रकात त्या विषयाचे ४ गुण दिसू शकतात, परंतु अर्जात दोन्ही प्रयत्न मोजले गेल्याने परिणामी सरासरी ३ येते. हा फरक ठाऊक नसल्याने स्वतःच्या सरासरीविषयी विद्यार्थ्यांचा गैरसमज होऊ शकतो.

डेंटल ॲडमिशन टेस्ट

संक्षेपाने डॅट या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते. तिचे चार भाग पुढीलप्रमाणे आहेत :

• नैसर्गिक विज्ञाने : जीवशास्त्राचे ४०, सामान्य रसायनशास्त्राचे ३० आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे ३० असे १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटे.
• आकारबोध : ९० प्रश्न; वेळ ६० मिनिटे.
• वाचन-आकलन : ५० प्रश्न, वेळ ६० मिनिटे.
• गणिती विचार : ४० प्रश्न; वेळ ४५ मिनिटे.

आकारबोधाच्या भागात कोनांची तुलना, घडी घातलेल्या कागदावरील छिद्रांच्या जागा, घनाकृतींची मोजणी, सपाट आकृती दुमडून तयार होणारी वस्तू अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. आरशात पाहून, अरुंद जागेत आणि त्रिमितीचे भान ठेवून दंतवैद्यास काम करावे लागते. त्या क्षमतेची ही चाचणी आहे. पूर्वी याच हेतूने उमेदवारांकडून खडूचा तुकडा कोरून ठरावीक आकार तयार करून घेत असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस लेखी आकारबोध चाचणीने त्याची जागा घेतली.

अनेक वर्षे या परीक्षेचे गुण १ ते ३० या श्रेणीत दिले जात. मार्च २०२५ पासून २०० ते ६०० ही श्रेणी लागू झाली आहे. परीक्षा पुन्हा देता येते. परंतु दोन प्रयत्नांमध्ये ठरावीक अंतर ठेवावे लागते आणि आधीच्या प्रयत्नांची नोंदही महाविद्यालयांना दिसते. भौतिकशास्त्र या परीक्षेत नसते. त्यामुळे सेंद्रिय रसायनशास्त्र पूर्ण होताच, भौतिकशास्त्र अद्याप चालू असतानाही, ती देणे शक्य असते.

अर्जाचे वेळापत्रक

बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनच्या ॲडसॅस या केंद्रीय सेवेमार्फत केले जातात. एकच अर्ज अनेक महाविद्यालयांना पाठवता येतो. मात्र महाविद्यालयांच्या संख्येनुसार शुल्क वाढत जाते. टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालयांसाठी त्या राज्याची स्वतंत्र अर्जसेवा आहे.

अर्ज मे महिन्यात भरण्यास खुला होतो आणि जूनच्या आरंभी सादर करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पदवीस प्रवेश घेतलेल्या आणि खंड न पडता पुढे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा क्रम साधारणपणे असा राहतो : २०२७ च्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी डॅट, जून २०२७ मध्ये अर्ज, शरद ऋतूत मुलाखती, डिसेंबरपासून प्रवेशाचे प्रस्ताव, मे २०२८ मध्ये पदवी आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दंतवैद्यकाच्या वर्गांस प्रारंभ. यावरून पहिल्या सहा सत्रांतील काम अर्जाच्या दृष्टीने निर्णायक असल्याचे दिसते.

अनेक महाविद्यालये अर्ज जसजसे येतील तसतशी त्यांची छाननी करतात. अंतिम मुदत काही महिन्यांनंतरची असली, तरी उशिरा आलेल्या अर्जाच्या वेळी मुलाखतीच्या जागा कमी उरलेल्या असू शकतात. म्हणून लवकर अर्ज करण्याचा सल्ला दिला जातो. तथापि, घाईने पाठवलेला कच्चा अर्ज लवकर पोचल्यामुळे सबळ होत नाही. अर्ज सादर केल्यानंतर त्यातील बहुतेक मजकूर बदलता येत नाही.

शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यास चालू व नियोजित विषयांचीही नोंद अर्जात करावी लागते. चौथ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचे निकाल पुढे ठरावीक काळात अर्जास जोडता येतात.

शिफारसपत्रे, निवेदन आणि अनुभव

अर्जासोबत सर्वसाधारणपणे विज्ञान विषयांच्या प्राध्यापकांची आणि शक्य असल्यास एखाद्या दंतवैद्याची शिफारसपत्रे द्यावी लागतात. काही विद्यापीठांत यासाठी समिती असते आणि ती विद्यार्थ्याविषयी एकत्रित पत्र पाठवते. मोठ्या वर्गांत प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्यास ओळखतातच असे नाही. त्यामुळे शंका विचारण्यासाठी भेटणे, प्रयोगशाळेत साहाय्य करणे अशा मार्गांनी निर्माण झालेला परिचय पत्राच्या आशयात उतरतो.

दंतवैद्यकच का निवडले, हे सांगणारे निवेदन ४,५०० अक्षरचिन्हांच्या मर्यादेत लिहावे लागते. दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून त्याचे काम पाहण्याचा अनुभवही महत्त्वाचा मानला जातो. अनेक महाविद्यालये सुमारे १०० तासांच्या निरीक्षणाची अपेक्षा ठेवतात. या निरीक्षणाचा लाभ विद्यार्थ्यासही होतो. दिवसभर मान वाकवून करावे लागणारे बारीक काम, भेदरलेले रुग्ण आणि दवाखाना चालवण्याचा व्याप प्रत्यक्ष पाहिल्यानंतर आपली निवड योग्य आहे की नाही, हे त्याला वेळीच कळू शकते. समाजसेवा, संशोधन आणि नोकरी यांचीही दखल घेतली जाते. शिक्षणासाठी किंवा घरखर्चासाठी काम करावे लागलेल्या विद्यार्थ्याने ते अर्जात नमूद करणे योग्य ठरते.

मुलाखत आणि प्रवेशाचा प्रस्ताव

निवडक उमेदवारांना मुलाखतीस बोलावले जाते. काही ठिकाणी एक-दोन प्राध्यापकांशी संभाषण होते, तर काही ठिकाणी अनेक छोट्या मुलाखती पाठोपाठ घेतल्या जातात. २०२० नंतर दूरस्थ मुलाखतींचे प्रमाण वाढले आहे.

प्रस्ताव स्वीकारल्यावर जागा राखण्यासाठी ठेव भरावी लागते. शिकत असलेल्या विद्यार्थ्यास मिळणारा प्रस्ताव सशर्त असतो. उरलेले आवश्यक विषय किमान श्रेणीने उत्तीर्ण होणे आणि पदवी अपेक्षित असल्यास ती वेळेत पूर्ण करणे बंधनकारक असते. त्यामुळे प्रस्ताव हाती आल्यानंतर शेवटच्या सत्राकडे दुर्लक्ष केल्यास मिळालेली जागाही गमवावी लागू शकते.

खर्च आणि कर्ज

अमेरिकेतील दंतवैद्यकीय शिक्षण अत्यंत खर्चिक आहे. कर्ज काढून शिकलेल्या पदवीधरांवरील शैक्षणिक कर्जाची सरासरी तीन लाख डॉलरच्या घरात आहे. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस ही संघराज्यीय कर्जयोजना बंद करण्याची आणि व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संघराज्यीय कर्जाची मर्यादा वर्षास ५०,००० व एकूण २,००,००० डॉलर ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे कोणत्या महाविद्यालयांना अर्ज करावा, हे ठरवताना शुल्क आणि राहणीमानाचा खर्च यांची तुलना अधिक आवश्यक झाली आहे. स्वतःच्या राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयात रहिवाशांना बहुधा कमी शुल्क पडते.

अमेरिकेत वाढलेल्या भारतीय, त्यांत मराठी, कुटुंबांतील काही विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण असते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या पालकांच्या मुलांचा एच-४ हा अवलंबिताचा दर्जा वयाच्या २१व्या वर्षी संपतो आणि हे वय नेमके पदवीच्या काळात येते. स्थायी निवासाचा परवाना न मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांना संघराज्यीय शैक्षणिक कर्ज मिळत नाही. काही सार्वजनिक महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्जही स्वीकारत नाहीत. लहानपणापासून त्याच राज्यात शिकलेल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करताना परदेशी विद्यार्थी म्हणून गणले जाऊ शकते.

एक वर्ष थांबणे आणि पुन्हा अर्ज करणे

पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करणारे विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात. पूर्वाभ्यास अपुरा असणे, डॅटची तयारी न झालेली असणे, निरीक्षणाचा अनुभव नसणे किंवा आर्थिक गरज ही त्याची प्रमुख कारणे होत. पहिल्या वर्षी निवड न झाल्यास पुन्हा अर्ज करता येतो. मात्र दुसऱ्या अर्जात प्रत्यक्ष सुधारणा दिसणे अपेक्षित असते. काही महाविद्यालये नाकारलेल्या उमेदवारास अर्जातील उणिवांविषयी मार्गदर्शन करतात.

भारतीय पद्धतीशी तुलना

भारतात बीडीएस हा अभ्यासक्रम बारावीनंतर सुरू होतो. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांसह बारावी उत्तीर्ण होऊन नीट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात तिच्या गुणवत्ताक्रमानुसार राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष केंद्रीय पद्धतीने जागांचे वाटप करतो. बी.एस्सी.सारखी पदवी शिकत असलेला विद्यार्थीही नीट देऊ शकतो; परंतु पदवीतील गुणांचा त्याच्या क्रमांकावर परिणाम होत नाही. एका परीक्षेच्या गुणांवर भर देणारी भारतीय पद्धत आणि काही वर्षांच्या एकत्रित नोंदीवर भर देणारी अमेरिकी पद्धत यांतील हा मूलभूत भेद आहे.

दोन्ही देशांतील दंतशिक्षणाचा ऐतिहासिक संबंध आहे. भारतातील पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय १९२० मध्ये कोलकाता येथे स्थापन करणारे डॉ. रफिउद्दीन अहमद हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे पदवीधर होते. भारतात बीडीएस झालेल्या दंतवैद्यांसाठी मात्र अमेरिकेत वेगळा मार्ग आहे. अनेक महाविद्यालये परदेशी पदवीधारकांसाठी साधारण दोन ते तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांचे अर्ज कॅपिड या स्वतंत्र सेवेमार्फत स्वीकारले जातात.