आपले गीत, आपली बोली : घरच्या घरी गीतरचना आणि ध्वनिमुद्रण

दरवर्षी २२ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत सिसिलिया हिचा स्मरणदिन साजरा करते. संगीतकारांची ही आश्रयदाती. याच दिवशी १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयीचा आपला प्रसिद्ध आदेश काढला आणि बरोबर शंभर वर्षांनी, २००३ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच विषयावर पुन्हा लिहिले. यानिमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या तरुण गिटारवादकांशी दोन गोष्टी बोलाव्यात असे वाटले.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर एका आजीबाईंनी मला त्यांच्या बोलीतील एक जुने गीत ऐकवले. मी ते मुद्रित करून घेतले. पण यंत्र ठेवले ते पंख्याखालच्या लाकडी टेबलावर. घरी येऊन ऐकतो तो काय, पंख्याची घरघर तेवढी स्पष्ट आणि आजीबाईंचा आवाज तिच्याआड बुडालेला. 'पुढच्या खेपेस नीट करू' असे म्हणून मी ते काम मागे ठेवले. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा आजीबाई प्रभूघरी गेल्या होत्या. पंखा बंद करायला अर्धा मिनिट लागला असता. हा लेख त्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

बोलीचा मान

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. नवापूरकडे मावची, धडगाव-शहादा भागात पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे भिलीची निरनिराळी रूपे, शिवाय अहिराणी आणि गुजरी. इतक्या बोलींच्या प्रदेशात आपला गायनवृंद मात्र बहुधा मराठी किंवा हिंदी गीतेच गातो. ती गीते सुंदर आहेत, यात शंका नाही. पण ज्या भाषेत आई रागावते आणि आजी अंगाई गाते, त्या भाषेत देवाशी बोलायचे राहून जाते.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील संविधान जाहीर केले. त्याच्या ११९ व्या परिच्छेदात सांगितले आहे की, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य तो मान देऊन उपासनेत स्थान द्यावे. आपल्याकडे हा विचार त्याहूनही जुना आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत; इंग्लंडहून आलेल्या या धर्मगुरूंनी येथल्या माणसांची ओवी उचलली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग आणि भजनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठी घराघरांत नेली. एसव्हीडी संस्थेचे फादर गेऑर्ग प्रोक्श यांनी मुंबईत अंधेरी येथे ज्ञान आश्रम उभारला आणि भारतीय रागतालांत ख्रिस्ती गीते रचली. या तिघांनीही आधी ऐकले आणि मग लिहिले.

शब्द आधी, सूर नंतर

नवशिक्या गीतकाराची नेहमीची चूक ही की, तो आधी गिटारवर चार कॉर्ड वाजवतो आणि मग त्यांत शब्द कोंबतो. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर आखडते आणि अर्थाचा महत्त्वाचा शब्द तालाच्या सांदीत हरवतो. उलट मार्ग धरावा. एकच विचार निवडावा : कृतज्ञता, क्षमायाचना, वाटेवरची सोबत. तो विचार बायबलच्या एखाद्या उताऱ्याशी जोडावा. उपासनेच्या गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्र व उपासना यांतून यावेत, असे विश्वपरिषदेने म्हटलेच आहे.

मग अक्षरे मोजावीत. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. नमुन्यासाठी मीच चार चरण जुळवून पाहिले :

डोंगराच्या वाटे / चालतो मी देवा / तुझा हात हवा / क्षणोक्षणी

यात काव्य फारसे नाही. साचा मात्र दिसतो. हा साचा मोठ्याने म्हणत चालावे. पावलांच्या ठेक्यावर शब्द आपोआप बसले की चालीचे निम्मे काम झाले. बोलीत लिहिताना मराठीतील जड संस्कृत शब्द जसेच्या तसे उचलू नयेत. 'तारण', 'कृपा' यांसाठी घरातील वडीलधारी माणसे काय म्हणतात ते विचारावे. एका शब्दासाठी दोन संध्याकाळी गेल्या तरी त्या वाया गेल्या असे समजू नये.

पट्टी आणि गिटार

गिटारच्या तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. मोबाइलवरील मोफत ट्यूनर त्यासाठी पुरेसा आहे. मात्र सोबत बासरी असेल, तर बांबूची पट्टी बदलता येत नाही. तेव्हा गिटारनेच बासरीशी जुळवून घ्यावे.

आपले पेटीवादक 'काळी एक', 'पांढरी दोन' अशा भाषेत बोलतात आणि गिटारवादक 'सी', 'डी' म्हणतो. त्यामुळे सरावात गोंधळ होतो. पांढरी एक म्हणजे सी. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचे कॉर्ड वाजवले की काळी एक मिळते. तिथेच जीचे कॉर्ड वाजवले की काळी चार. तिसऱ्या पडद्यावर सीचे कॉर्ड म्हणजे काळी दोन. एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक वाद मिटतात. पट्टी ठरवताना आपल्या गळ्याचा नव्हे, शेवटच्या बाकावरच्या आजोबांच्या गळ्याचा विचार करावा. चाल साधारण एका सप्तकात राहिली तर सारी मंडळी गाऊ शकते.

आणखी एक सूचना. आदिवासी चाली पुष्कळदा चार-पाच स्वरांतच फिरतात आणि त्यांचे बळ ठेक्यात व पुनरावृत्तीत असते. अशा चालीखाली दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलला की चालीचा चेहराच बदलतो. तेथे एक-दोन कॉर्ड, किंवा तानपुऱ्यासारखा एकच स्वर पुरे.

उपासनेत काय चालते

प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत यांत नव्या रचनेला वाव आहे. पण दयायाचना, गौरवगीत, 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा' यांचे शब्द ठरलेले आहेत. त्यांना नवी चाल देता येते. त्यांच्या जागी दुसरे गीत घालता येत नाही. ढोल, बासरी, गिटार ही वाद्ये उपासनेस साजेशी वाजवली जावीत आणि त्यांस धर्माधिकाऱ्यांची संमती असावी. प्रायश्चित्तकाळात, काही सणांचे दिवस व चौथा रविवार वगळता, वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत. म्हणून नवे गीत प्रथम आपल्या धर्मगुरूंना दाखवावे. ही अडवणूक नव्हे. चार डोळ्यांनी पाहिलेले गीत अधिक टिकते.

घरातील ध्वनिमुद्रण

यासाठी स्टुडिओ लागत नाही. साधा मोबाइल, कानात घालायचे हेडफोन आणि एक शांत खोली एवढ्यावर सुरुवात करता येते. संगणक असल्यास ऑडॅसिटी ही प्रणाली मोफत मिळते. ती २००० सालापासून उपलब्ध आहे.

खोली : मोकळ्या भिंती आवाज परतवतात. भिंतीशी गोधड्या, वाकळा, ब्लँकेटे टांगावीत. धान्याची पोती असतील तर उत्तमच. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर. पत्र्याचे छप्पर असेल तर पावसात काम करू नये. रात्री जेवणानंतरची वेळ बरी. पहाटे कोंबडे आपल्या आधी गातात.

अंतर : मोबाइल टेबलावर ठेवू नये, टेबलाची थरथर त्यात उतरते. तो घडी घातलेल्या कापडावर किंवा स्टँडवर ठेवावा. गिटारसाठी तो बाराव्या पडद्यासमोर सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवर असावा. मधल्या गोल भोकासमोर धरल्यास आवाज घुमतो. गाताना तोंडापासून वीतभर अंतर ठेवावे आणि यंत्र किंचित बाजूला असावे. कारण मराठीतील प, फ, ब, भ ही अक्षरे उच्चारताना हवेचा झोत आदळतो. भरतकामाच्या रिंगणावर पातळ कापड ताणून मध्ये धरले तरी हा धक्का थांबतो.

पातळी : सर्वांत मोठा स्वर लागला तरी मापकाचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. हळू आवाज नंतर वाढवता येतो; फाटलेला आवाज शिवता येत नाही. ढोल फार जवळून मुद्रित केल्यास हमखास फाटतो. ढोल अंगणात वाजवावा आणि यंत्र चार-पाच मीटर दूर ठेवावे.

क्रम : आधी ठेका आणि गिटार मुद्रित करावी. मग तेच हेडफोनमधून ऐकत आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावा. हेडफोन न वापरल्यास पहिली गिटार दुसऱ्या मुद्रणातही शिरते आणि नंतर काहीच वेगळे करता येत नाही. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात जपावी. स्टिरिओमध्ये तिला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. इतरांना पाठवण्यासाठी एमपी३ प्रत काढावी. मूळ पुसू नये. एक प्रत मोबाइलवर आणि दुसरी दुसऱ्या कोणाकडे, असे केल्यास भिजणे, हरवणे, बिघडणे यांची भीती उरत नाही.

वडीलधाऱ्यांची गीते

वर सांगितलेली पद्धत नव्या गीतांसाठी आहे. आजी-आजोबांचे गीत घेताना ती बाजूला ठेवावी. त्यांना हेडफोन घालू नयेत, मेट्रोनोम ऐकवू नये, आपली पट्टी सांगू नये. गिटारही खाली ठेवावी. त्यांच्या नेहमीच्या जागी, त्यांच्या गतीने, एका दमात गाऊ द्यावे. सुरुवातीलाच त्यांच्या परवानगीने गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गीत कोणत्या प्रसंगाचे आहे हे बोलून घ्यावे. शेवटी शब्दांचा अर्थ विचारावा. तोही मुद्रित होऊ द्यावा. गीत इतरांना पाठवावे की घरातच ठेवावे, हे त्यांनी ठरवायचे आहे. प्रत्येक परंपरागत गीत उपासनेसाठी नसते. पण जपण्यायोग्य नक्कीच असते.

हक्काची गोष्ट

लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर ख्रिस्ती शब्द बसवण्याचा मोह टाळावा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार रचना कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे संरक्षित असते. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या वेळी सादर करण्यास कायद्याने सूट आहे. परंतु त्याचे मुद्रण करून प्रसारित करणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय ती चाल वाजू लागली की भाविकांच्या मनात पडद्यावरचे दृश्य उभे राहते, हे निराळेच. टिळकांच्या रचना आता या मुदतीबाहेर आहेत. तरी त्यांचे नाव देणे हा आपला धर्म. तोच नियम पाड्यावरच्या आजीबाईंनाही लागू आहे.

प्रिय तरुण बंधुभगिनींनो, ९६ वे स्तोत्र आपल्याला परमेश्वरासाठी नवे गीत गाण्यास बोलावते. ते गीत मावचीत असेल, पावरीत असेल, भिलीत असेल. देवाला दुभाषा लागत नाही. या रविवारी मिस्सानंतर घरी जाल तेव्हा गिटारला हात लावण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसा आणि एक गीत मागा. आणि हो, पंखा आधी बंद करा.