पंख्याची घरघर

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावेंनी १९३०च्या दशकात सूतकताईचे प्रयोग केले. सूत कातणाऱ्याला ठाऊक असतं, चात म्हणजे चरख्याची सूत पिळणारी सळई वाकडी असली की चरखा थरथरतो. संगणकाच्या पंख्याचंही तेच. पात्यांवर धूळ कमीजास्त साचली की तोल जातो, थरथर स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि पत्राच वाजू लागतो. म्हणून आधी वीज बंद करून मऊ ब्रशने पाती झाडा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून पंखा आणि पत्र्यामध्ये बसवा. एकेक स्क्रूच्या डोक्याखालीही. करकचून आवळू नका, चेपलेलं रबर कंप फारसे अडवत नाही. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. पण विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे धावत असताना, हा मोह नकोच.