गाडी पळवता येते, पण थांबवता येते का?



आपल्या वस्त्यांमध्ये आता घर तिथे दुचाकी झाली आहे. कुणी पार्सल पोचवतं, कुणी बांधकामावर जातं, कुणी पहाटेच्या पाळीला निघतं. गाडी ही चैन राहिलेली नाही, ते भाकरीचं साधन आहे, आणि बहुतेक घरांत ते हप्त्यावर घेतलेलं आहे. म्हणून गाडीवरून एक माणूस पडला की त्याच्याबरोबर सगळं घर पडतं. पाय मोडला तर तीन महिने कमाई बंद, हप्ता मात्र चालू. डोक्याला मार लागला तर पुढचं काहीच सांगता येत नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. हे केंद्र सरकारच्याच रस्ते वाहतूक खात्याचे आकडे आहेत.

दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत मी बरीच वर्षं काम केलं. अपघाताच्या पेशंटला "कसं झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "सिस्टर, अचानक समोर आला." कधी रिक्षा अचानक वळलेली असते, कधी कुत्रं आडवं आलेलं असतं, कधी खड्डा अचानक दिसलेला असतो. खरं तर आपल्या रस्त्यावर अचानक काहीतरी समोर येणं ही रोजची गोष्ट आहे. त्या वेळी गाडी जागेवर थांबली तर कुणाला ते आठवतही नाही. थांबली नाही तर कॅज्युअल्टी.

आपली पोरं गाडी शिकतात म्हणजे क्लच सोडायला, गिअर टाकायला, पळवायला शिकतात. लायसन्सच्या वेळी आठचा आकडा काढून दाखवतात. थांबायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर गाडी थांबवण्याबद्दल बोलू या.

थांबायला जागा किती लागते

समोर धोका दिसला की लगेच ब्रेक लागत नाही. डोळ्यांना दिसतं, मेंदूला कळतं, मग हात-पाय हलतात. सावध माणसालाही यात साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगाने गाडी त्या एका सेकंदात ११ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक चांगला लागला तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यानंतर आणखी १२ मीटर लागतात. म्हणजे सगळे मिळून सुमारे २३ मीटर, एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी गाड्यांएवढं अंतर.

ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटरच्या घरात जातं. दोनच्या जागी चार एसटी! वेग दीडपट झाला तर ब्रेकला लागणारी जागा दीडपट न होता सव्वादोनपट होते. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील, मागे माणूस किंवा सिलिंडर असेल, तर याहून जास्त. आणि मोबाईलवर ऑर्डर बघायला दोनच सेकंद नजर खाली गेली, तर ४० च्या वेगाने तुम्ही २२ मीटर डोळे मिटून गेलात असं समजा.

यातून एकच नियम निघतो. जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्या जागेत थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. वस्तीच्या बोळात, जिथे दारातून पोर थेट रस्त्यावर येतं, तिथे तो वेग १५-२० च्या वर जातच नाही.

पुढच्या ब्रेकची भीती काढून टाका

"पुढचा ब्रेक मारू नको, उलटा पडशील," असं आपल्याकडे प्रत्येक शिकाऊ पोराला सांगतात. त्यामुळे अनेकजण वर्षानुवर्षं फक्त पायाचा ब्रेक वापरतात. हे चूक आहे. ब्रेक लागतो तेव्हा गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते चाक रस्त्याला घट्ट धरतं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते घसरतं. सरळ, कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो.

माणूस पडतो तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे. ब्रेक ओलं फडकं पिळल्यासारखा दाबायचा, आधी हलका आणि मग लगेच जोर वाढवत. हाताचा आणि पायाचा दोन्ही एकाच वेळी. गाडी सरळ, हँडल सरळ, नजर समोर लांब. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा दाबायचा. वाळूवर, खडीवर, चिखलात आणि वळणावर पुढचा ब्रेक फार हलक्या हाताने. वळणाचा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीचा ब्रेक दाबून धरायचा, सोड-धर करायची नाही. लिव्हर थरथरते, ती थरथरू द्यायची. त्याहून लहान नव्या गाड्यांना बहुधा कॉम्बी ब्रेक असतो, त्यात एका ब्रेकवर दोन्ही चाकं अडतात. आपली गाडी कोणती आहे ते मेकॅनिकला एकदा विचारून घ्या.

सरावासाठी मोकळं मैदान घ्या. हेल्मेट आणि बूट घालून आधी २० च्या वेगाने, मग ३०, मग ४०. खडूने रेघ ओढायची आणि रेघ आली की ब्रेक. किती पुढे गेलो ते पावलांनी मोजायचं. दहा वेळा केलं की अंतर कमी झालेलं आपल्या डोळ्यांना दिसतं.

नजर कुठे ठेवायची

नवीन माणूस पुढच्या चाकाजवळचा रस्ता बघतो. नजर लांब ठेवा, जिथे काही सेकंदांनी पोचणार तिथे. खड्डा दिसला तर त्याच्याकडे टक लावू नका. गाडी नजरेच्या मागे जाते, म्हणून बाजूची मोकळी वाट बघा. खड्डा चुकणार नसेल तर ब्रेक आधी मारून घ्या, खड्ड्यात चाक जाताना ब्रेक सोडा आणि पायांवर जोर देऊन थोडं उचला.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंद मागे राहा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. त्याआधीच खांब आला तर तुम्ही फार जवळ आहात.

उभ्या रिक्षेचं किंवा कारचं दार उघडेल असं धरूनच एक हात लांबून जा. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येणारच असं समजा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळणाऱ्या डंपरच्या किंवा बसच्या डाव्या बाजूने तर कधीही घुसू नका. त्याचं मागचं चाक आत कापत येतं, आणि तिथे सापडलेली माणसं बहुतेक वाचत नाहीत.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून घसरण तयार होते. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ ओले असताना साबणासारखे होतात. तिथे ब्रेक नको आणि गाडी तिरकी करणंही नको. रूळ शक्यतो आडवे ओलांडा.

मागे बसणाऱ्या आई-बहिणींसाठी

साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात जाऊन झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. मानेला फास बसतो. पदर खोचून, ओढणी मागे गाठ मारूनच बसा. मागच्या चाकावरची जाळी कायद्यानेच असायला हवी, ती काढून टाकू नका. एका बाजूला बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं सुरक्षित. लेकराला टाकीवर पुढे बसवू नका, ब्रेक लागला की ते आधी हँडलवर आदळतं.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागतं. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने सक्तीचं आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये देशात ५०,०२९ माणसं हेल्मेट नसताना गेली. रस्त्याच्या कडेचं टोपीसारखं हेल्मेट दंड वाचवील, डोकं वाचवणार नाही. आयएसआयचा शिक्का बघा. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा घट्ट बांधा. पट्टा न बांधलेलं हेल्मेट माणसाच्या आधी उडून पडतं. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर दबलेला असतो.

दारू, झोप आणि जयंती

दारूने तो एक सेकंदाचा वेळ लांबतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. पाचवं शील आपण विहारात घेतो, ते गाडीवर बसतानाही आपल्याबरोबर असू द्या. १४ एप्रिलच्या रॅलीत ट्रिपलसीट, हेल्मेटशिवाय, हँडल सोडून गाड्या चालतात. बाबासाहेबांची जयंती कुणाच्या घरी सुतक ठेवून जाऊ नये.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला, विजयादशमीला दीक्षाभूमीला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला अनेकजण रात्रभर गाडी चालवत जातात. झोप ही दारूसारखीच आहे. शक्य असेल तर रेल्वेने किंवा एसटीने जा. गाडीनेच जायचं असेल तर दिवसा निघा आणि दर दोन तासांनी थांबा. डोळे जड झाले, मागचे चार किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की तिथेच थांबा.

अपघात झालाच तर

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, मग १०८ ला फोन करा. जखमीला हात-पाय धरून उचलू नका, मान मोडलेली असू शकते. तो नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नका. श्वासच थांबला असेल तर एकाने मान आणि डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने हेल्मेट हळू काढायचं, आणि मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. पाणी, चहा काही देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जातं, आणि ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं असतं.

मदत करणाऱ्याला पोलिसांची भीती वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठतो, बोलतो, "काही नाही झालं" म्हणत घरी येतो आणि झोपतो. आत कवटीखाली रक्त साठत राहतं. अशा माणसाला पहिले चोवीस तास एकटं सोडू नका. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळे पडले, झटका आला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, एक बाहुली मोठी दिसली किंवा माणूस नेहमीसारखा जागा होईना, तर सकाळची वाट बघू नका. सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात तेव्हाच न्या.

कागद म्हणजे घराचा आधार

लायसन्स आणि इन्शुरन्स पोलिसाला दाखवण्यापुरते नसतात. गाडीच्या मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तरच तो मिळतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करा. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना आहे. या सगळ्यासाठी पोलिसांत नोंद लागते, म्हणून ती टाळू नका.

आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात मोटारसायकल देऊ नका. गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि पोराला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आपल्या विहारात रविवारी वंदनेला सगळे जमतात. त्यातला एक रविवार यासाठी ठेवा. वस्तीतला जाणता मेकॅनिक बोलवा, प्रत्येक गाडीचे ब्रेक, टायर आणि मागचा दिवा तपासून घ्या. मग जवळच्या मैदानात खडूची रेघ ओढा आणि पोरांना, पोरींनाही, थांबायला शिकवा. खर्च एका खडूचा आहे.