इंजिनातील ऑइल वाढते तेव्हा

इंजिनातील ऑइल कमी झाले म्हणजे मालक सावध होतो. ते वाढलेले दिसले तर निश्चिंत राहतो. ही निश्चिंतता घातक आहे.

दिनांक १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यांनुसार बनलेल्या डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी पुष्कळ मोटारींत सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा सोडले जाते. गाडी केवळ घर ते शेत एवढीच धावली, तर हे ज्वलन अपुरे राहून पुनःपुन्हा सुरू होते. प्रत्येक वेळी थोडे डिझेल पिस्टनच्या रिंगांवाटे ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढते, परंतु ऑइल पातळ होऊन बेअरिंग झिजतात.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. दर आठवड्यास सपाट जागी, इंजिन बंद करून काही वेळाने, ऑइलची पट्टी तपासावी. ऑइल वरच्या खुणेपलीकडे गेल्यास ते बदलेपर्यंत गाडी चालवू नये.

२. गाळणीचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर तो विझेपर्यंत गाडी सलग चालवावी.

३. पुस्तिकेत नमूद केलेले कमी राखेचे ऑइलच वापरावे.

४. काजळी जळत असता धूरनळी अतिशय तापते. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये.

गाळणी काढून टाकणे हा उपाय नव्हे. ते नियमबाह्य आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती गाडीमालकांच्या निदर्शनास आणावी.