होर्ता : वाऱ्याच्या वळणावरचं गाव

नकाशावर पट्टी ठेवा आणि कॅरिबियनमधल्या अँटिग्वापासून युरोपापर्यंत सरळ रेघ ओढा. शिडाच्या होडीला त्या रेघेवरून जाता येत नाही. अँटिग्वाच्या बाजूला ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणजे अगदी तोंडावर. म्हणून परतीच्या होड्या आधी उत्तरेला चढतात, बर्म्युडाच्या आसपास पश्चिमी वारे गाठतात आणि ते पाठीशी घेऊन पूर्वेला वळतात. या वळशात, बर्म्युडापासून सुमारे 3,300 किलोमीटरवर आणि लिस्बनच्या सुमारे 1,700 किलोमीटर अलीकडे, पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातलं फायाल बेट लागतं. त्याचं बंदर होर्ता. अख्ख्या बेटाची वस्ती सुमारे 14 हजार, आणि तरी अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रत्येक खलाशाच्या तोंडी या गावाचं नाव!

गोव्याहून मिरी भरून लिस्बनला निघालेली जहाजंसुद्धा आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केप ऑफ गुड होपला वळसा घातल्यावर याच वाऱ्यांच्या हिशेबाने अझोर्सकडे येत. शेजारच्या तेर्सेरा बेटावरच्या अंग्रा बंदरात त्यांच्या रसदीची आणि डागडुजीची सोय असे. वास्को द गामाचा भाऊ पाउलो 1499 मध्ये भारतातून परतताना तिथेच वारला.

होडीत एकटाच माणूस असेल तर त्याला होर्ताची खरी ओढ असते ती झोपेसाठी. बसक्या होडीतून समोरचं मालवाहू जहाज साधारण 15 किलोमीटरवर दिसलं आणि दोघंही एकमेकांच्या रोखाने येत असतील, तर गाठ पडायला जेमतेम वीस मिनिटं लागतात. म्हणून वर्दळीच्या पाण्यात एकटे खलाशी वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतात. उठायचं, क्षितिजावर चौफेर नजर टाकायची, पुन्हा आडवं व्हायचं. असे कित्येक दिवस गेल्यावर ढगांच्या वर पिकोचं टोक दिसतं. समोरच्या बेटावरचा हा 2,351 मीटर उंचीचा ज्वालामुखी पोर्तुगालमधला सर्वांत उंच डोंगर आहे.

परदेशातून येणारी होडी पिवळा झेंडा चढवून आधी तपासणीच्या धक्क्याला लागते. गर्दीच्या दिवसांत धक्का पुरत नाही, मग होड्या एकमेकींना खेटून बांधतात. शेवटच्या होडीतल्या माणसाला किनारा गाठायचा तर चार परक्या डेकांवरून, जमेल तितकं हलक्या पावलांनी, जावं लागतं. समुद्रात एकट्याने दिवस काढलेल्या माणसाला पहिल्याच तासात इतका शेजार मिळतो, ही मला या गावाची फार मोठी गंमत वाटते.

धक्क्याच्या भिंती आणि जमीन चित्रांनी भरलेली आहे : होडीचं नाव, वर्ष, एखादा देवमासा. चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास धड होत नाही, असा समज आहे. ऊन-पावसाने रंग उडतो आणि त्या जागेवर नवा खलाशी ब्रश घेऊन बसतो. धक्क्यासमोर 1918 पासून चालू असलेलं ‘पीटर कॅफे स्पोर्ट’ आहे. मालक आझेवेदो घराण्यातले. ‘पीटर’ हे टोपणनाव त्यांच्यातल्या जोझेला एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने दिलं. खलाशांची पत्रं हे कॅफे सांभाळून ठेवत असे. पत्ता नसलेल्या माणसाला तेवढाच एक पत्ता.

महासागराच्या मधोमध असण्याचा फायदा होर्ताला पुन्हा पुन्हा झाला. 1893 मध्ये इथे तारायंत्राची समुद्री केबल पोहोचली. लांबच्या केबलमध्ये संदेश क्षीण होत जातो, तो मध्येच टिपून पुढे पाठवावा लागे. त्यामुळे ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन कंपन्यांचे तारबाबू इथे राहायला आले. 1939 मध्ये पॅन अ‍ॅमची पाण्यावर उतरणारी विमानं इंधनासाठी थांबू लागली. लाटा उसळल्या की उड्डाण अडायचं आणि प्रवाशांना मुक्काम घडायचा. पुढे केबलचं काम संपलं, विमानं न थांबता जाऊ लागली. शिडाला मात्र पर्याय नव्हता, म्हणून होड्या येतच राहिल्या.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, जुलै 1895 मध्ये ‘स्प्रे’ घेऊन इथे थांबला होता. निघताना लोकांनी दिलेले आलुबुखार आणि पिकोचं पांढरं चीज त्याने भरपूर खाल्लं आणि वादळी हवेत पोटात कळा येऊन तो केबिनमध्ये कोसळला. शुद्ध हरपत असताना त्याला सुकाणूवर एक उंच माणूस दिसला. तो म्हणाला, मी कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या. शुद्धीवर येऊन पाहतो तर होडी रात्रभरात नव्वद मैल बरोबर दिशेने गेलेली! सुकाणू नीट बांधलं तर ‘स्प्रे’ आपोआप वाट धरून चाले, हे त्याचं खरं कारण. पण स्लोकमच्या वृत्तांतात त्या वाटाड्याने त्याला चांगलंच फैलावर घेतलंय : आलुबुखारांबरोबर चीज खाण्याचा शहाणपणा करायला कोणी सांगितलं होतं?