दख्खनी मेंढी : चालण्यातून घडलेली जात (देशी पशुधन, लेखांक ३)

घोड आणि भीमेच्या खोऱ्यातल्या शिरूर-दौंड पट्ट्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. या पावसावर तगलेली इथली मेंढी म्हणजे दख्खनी. रंग बहुधा काळा, नाक बाकदार, कान लोंबते, मान बारीक, छाती अरुंद. नराला शिंगे, मादी भुंडी. लोकर राठ आणि विरळ. पोट व पाय जवळजवळ उघडेच. कुसळी गवतातून दिवसभर फिरणाऱ्या जनावराच्या ते सोयीचेच. मादी तीसेक किलोची भरते, एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. एवढेच आकडे पाहून ही जात कमी उत्पादनाची ठरवली जाते. मला हा निवाडा चुकीचा वाटतो, कारण ज्या कामासाठी ही जात घडली ते काम त्यात मोजलेलेच नाही.

राजस्थानकडच्या लोकरीच्या आणि आंध्र-तमिळनाडूकडच्या केसाळ मेंढ्यांच्या मिश्रणातून दख्खनी झाली, असे मेंढीतज्ज्ञ मानतात, आणि तिची केसमिश्रित लोकर त्याला दुजोरा देते. मात्र या मुलखातली मेंढपाळी बरीच जुनी आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती सापडली. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने लोक शेळ्या-मेंढ्यांमागे भटकू लागले, असा अर्थ म. के. ढवळीकरांनी लावला. यावर दोन आक्षेप रास्त आहेत. दुष्काळ खरेच तेवढा होता का, हा प्रश्न नंतरच्या संशोधकांनी विचारला; आणि हाडांवरून शेळी-मेंढी वेगळी काढणेच अवघड, मग जात कुठून कळणार? तेव्हा इनामगावावरून दख्खनीची वंशावळ लागत नाही. पीक हुकले की चालत्या जनावराचा आधार घ्यायचा, ही इथली रीत जुनी असावी, एवढेच त्यावरून म्हणता येते. अशा रीतीत चालू न शकणारी मेंढी कळपात टिकतच नाही. धनगराचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा कुटुंबांचा तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो, वाटेत शेतात मेंढ्या बसवतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतो. या कमाईचा रकाना उत्पादनाच्या तक्त्यात नसतो.

सुधारणा नकोच, असे मात्र मी म्हणत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुलेशी संकर झाला तो बारीक लोकरीसाठी. पुढे बाजार मटणाचा झाला, आणि घोंगडीला तर राठ काळी लोकरच लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. सुंदरबनची गरोळ मेंढी अंगाने फार लहान, पण तिच्यात जुळी देणारे जनुक आहे. तेवढे जनुक लोणंदच्या दख्खनीत आणून, पुढे मुख्यतः दख्खनीशी पैदास करत त्यांनी ‘नारी सुवर्णा’ तयार केली; चालणारे शरीर तेच ठेवले. जुळ्यांना आईचे दूध पुरेल का, ही मेंढपाळाची शंका खरी आहे. व्यायलेल्या मेंढीला वरचा खुराक द्यावा लागतो आणि भटक्या वाड्याला तो महाग पडतो. म्हणूनच चराईचा प्रश्न जातीच्या प्रश्नाआधी सोडवायला हवा. दौंडला खडकवासल्याच्या आणि शिरूरला चासकमानच्या कालव्याचे पाणी पोचले, ऊस वाढला, पडीक रान आणि मेंढ्या बसवायची शेते कमी झाली. ही चराई गेली तर नुसत्या जनुकाने वाडा चालणार नाही. (पुढील लेखांकात : सणगरांचा माग आणि घोंगडी)