पोलादी डेकमागचा माणूस: ॲडमिरल रेजिनाल्ड हेंडरसन

दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश नौदलात मला सर्वांत दूरदर्शी वाटतात ते हेंडरसन. ‘फ्युरियस’ या विमानवाहू नौकेचे ते कप्तान होते. १९३४ मध्ये युद्धनौका बांधणीची सूत्रं त्यांच्या हाती आली. भूमध्य समुद्रात किनाऱ्यावरची शत्रूविमानं कायम टप्प्यात असणार, हे ओळखून त्यांनी ‘इलस्ट्रियस’ या नव्या विमानवाहू नौकेच्या उड्डाण-डेकला ३ इंच जाडीचं पोलादी चिलखत दिलं. वजन वाढल्याने विमानं कमी मावली, पण नौकेचा टिकाऊपणा वाढला.

मे १९३९ मध्ये हेंडरसन गेले, तेव्हा ‘इलस्ट्रियस’ सेवेतही आली नव्हती. १० जानेवारी १९४१ला जर्मन स्टुका बॉम्बफेकी विमानांनी तिच्यावर बॉम्बमागून बॉम्ब टाकले. सुकाणू निकामी झालं, तरी इंजिनांच्या जोरावर दिशा सांभाळत तिने माल्टा गाठलं. हेंडरसन यांच्या निर्णयाचं मोल त्या दिवशी कळलं!